अभ्यासिकेचा कॉम्प्युटर: मदरबोर्ड बसवतानाच्या नोंदी

८ डिसेंबर, रविवार

सामान आलं एकदाचं. नागपूरहून एसटीनं आणलं, मदरबोर्डचा (ज्या मुख्य पाटीवर बाकी सगळे पार्ट बसतात तिचा) डबा सगळा रस्ता मांडीवरच ठेवला, वरच्या रॅकवर ठेवायची हिंमत नाही झाली कारण फाट्यापासून गावापर्यंत गाडी जे उडते ते उडतेच.

हा कॉम्प्युटर माझा नाही, गावच्या अभ्यासिकेचा आहे, म्हणून सगळं लिहून ठेवून राहिलो. उद्या मी गावात नसलो अन् हा बंद पडला तर जो कोणी उघडेल त्याला कळलं पाहिजे आत काय केलं आहे. पोरं-पोरी क्लर्क-टायपिस्टची तयारी करतात, त्याला मराठीचं मिनिटाला ३० शब्दांचं नाहीतर इंग्रजीचं ४० शब्दांचं टायपिंग सर्टिफिकेट लागते, अन् मोबाईलवर अंगठ्यानं टाइप करून ते जमत नसते. तालुक्याला क्लासला जायचं तर रोजचं एसटीचं तिकीट. म्हणून वर्गणी झाली, कोणी पहिल्या वेच्याचा कापूस विकून दिली, एका काकाजींनी तर सोयाबीनचा चुकारा आला त्याच दिवशी आणून दिली. या पैशात एक पार्ट जरी जळला तर दुसऱ्यांदा मागायला तोंड नाही.

घेतलेलं सामान: रायझन ५ ५६००जी प्रोसेसर (यात ग्राफिक्स आतच असते, वेगळं कार्ड लागत नाही, त्याला थंड ठेवणारा पंखा म्हणजे कूलर डब्यात मिळते), बी४५० जातीचा मायक्रो एटीएक्स (लहान साइजचा) मदरबोर्ड, ८-८ जीबीच्या दोन रॅम, ५०० जीबीची एनव्हीएमई (फाइली साठवायची पट्टी), ४५० वॅटचा नवा एसएमपीएस (सगळ्या पार्टला वीज देणारा डबा). बी४५० चे जुने स्टॉकमधले बोर्ड हा प्रोसेसर ओळखत नाहीत, बायोस (बोर्डमधला सुरुवातीचा प्रोग्राम) अपडेट करावं लागते, ते मी दुकानातच समोर उभं राहून करून घेतलं. कॅबिनेट (बाहेरचा पत्र्याचा खोका) नवा नाही घेतला. तालुक्याच्या एका डॉक्टरांनी आपला बंद पडलेला कॉम्प्युटर देऊन टाकला होता, आतलं सगळं गेलेलं पण पत्रा जाड, आजकाल स्वस्तात असा पत्रा येत नाही.

९ डिसेंबर

काम कुठं करायचं हाच पहिला प्रश्न. घरी मधली खोली छतापर्यंत कापसानं भरून आहे, भाव वाढायची वाट पाहून राहिले बाबा, अन् कापूस घरात असला की तंतू सगळीकडे उडतात, जेवणाच्या ताटात सुद्धा. वरून ही कोरडी थंडी. स्वेटर काढताना चटचट आवाज येते, अंधारात ठिणगी दिसते, तेवढी ठिणगी आपल्याला नुसती टोचते पण चिपला मारू शकते. आपल्याला जाणवणारा झटकाच दोन-तीन हजार व्होल्टच्या वरचा असते, त्याच्या खालचा तर कळतही नाही पण आतल्या बारीक ट्रान्झिस्टरला तेवढा पुरतो.

म्हणून अभ्यासिकेतच करायचं ठरवलं. फरशी ओल्या फडक्यानं पुसून घेतली, टेबलावर काहीच अंथरलं नाही (सतरंजी नाही, प्लास्टिकची पन्नी तर अजिबात नाही), स्वेटर बाहेर खुंटीला, अन् बोर्डला हात लावायच्या आधी दरवेळी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावायचा. भाच्याला हे तीनदा सांगितलं, मग तोच मला आठवण करून देऊन राहिला, "मामा, पत्रा!"

रिकामा कॅबिनेट पंक्चरवाल्याकडे नेऊन हवा मारून आणला. रिकामाच न्यायचा, बोर्डवर ती हवा मारायची नाही, कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साचलेलं असते अन् ते हवेसोबत फवारते.

१० डिसेंबर

आज फक्त माप अन् पितळी स्टँड.

ज्यानं कधी उघडून पाहिलं नाही त्याच्यासाठी लिहितो. मदरबोर्ड सरळ पत्र्यावर ठेवत नाहीत. बोर्डच्या पाठीमागे शेकडो झाळलेले टोक बाहेर आलेले असतात, ते पत्र्याला टेकले की शॉर्ट. म्हणून पत्र्यात आधी षटकोनी पितळी स्टँड बसवतात, साधारण ६ ते ६.५ मिलिमीटर उंच, बोर्ड त्यांच्यावर उभा राहते अन् वरून स्क्रू. बोर्डच्या प्रत्येक भोकाभोवती चांदीसारखी चकचकीत गोल चकती असते, ती बोर्डच्या ग्राउंडला जोडलेली असते, म्हणजे स्क्रू, पितळ, पत्रा, एसएमपीएस अन् पुढं अर्थिंग अशी सगळी साखळी तयार होते. आधी लोक स्क्रूखाली लाल कागदी वॉशर टाकत, त्या चकतीमुळे त्याची गरज नाही.

माप असं. एटीएक्स साइज इंटेलनं १९९५ मध्ये आणली, ३०५ बाय २४४ मिमी, तिला साधारण ९ भोकं. मायक्रो एटीएक्स जास्तीत जास्त २४४ बाय २४४. आपला बोर्ड रुंदीला त्याहून कमी आहे अन् त्याला सहाच भोकं आहेत, तीन मागच्या पोर्टकडच्या बाजूनं अन् तीन मध्ये. याचा अर्थ बोर्डचा उजवा काठ, जिथं २४ पिनचा जाड प्लग अन् रॅम बसते, तो हवेत लटकून राहणार, त्याच्याखाली आधार नाही. हे डोक्यात ठेवून पुढचं काम करायचं आहे.

पत्र्यावर भोकांच्या बाजूला ए अन् एम असे ठसे आहेत, एटीएक्सचे अन् मायक्रोचे, पण दोन-तीन ठिकाणी गंजानं खाल्लेले. खालची रांग सरकवावी लागली. दोन स्टँड काढून नवीन जागी बसवले, बोर्ड वर धरून डोळ्यानं पाहिलं, भोकातून पितळ दिसून राहिलं, म्हटलं झालं.

स्क्रूची डबी मात्र वेगळं काम निघालं. दोन जातीचे स्क्रू मिसळलेले. एक मोठ्या आट्याचा, त्याला ६-३२ म्हणतात, इंचाला ३२ आटे. दुसरा बारीक आट्याचा एम३, त्याचे आटे अर्ध्या मिलिमीटरवर. लांबून सारखेच दिसतात. ओळखायची सोपी रीत म्हणजे दोन स्क्रू एकमेकांना आडवे लावून पाहायचे, जात एकच असली तर आटे आट्यात बसतात, नसली तर उजेड दिसते. आपले पितळी स्टँड मोठ्या आट्याचे आहेत. त्यात एम३ टाकला तर तो नुसता फिरत राहते अन् वाटते बसला, अन् उलट केलं, म्हणजे एम३ च्या स्टँडमध्ये मोठा स्क्रू रेटला, तर तो आटे खाऊन तिथंच अडकते. पोरींनी बसून सगळी डबी निवडली, तांदळातले खडे निवडावे तशी.

११ डिसेंबर

प्रोसेसर, कूलर, रॅम, एनव्हीएमई हे सगळं बोर्ड बाहेर असतानाच लावलं. मदरबोर्डच्याच खोक्यावर बोर्ड ठेवला.

एएम४ सॉकेटच्या प्रोसेसरला १३३१ पिना खाली असतात, त्या वाकल्या तर काम संपलं. कोपऱ्यावरचा सोनेरी त्रिकोण सॉकेटच्या त्रिकोणाशी जुळवायचा, दांडी उभी करायची, प्रोसेसर आपल्या वजनानंच खाली उतरला पाहिजे. बोटानं दाबायचा नाही.

कूलरबद्दल एक गोष्ट फार महत्त्वाची. सोबत येणारा कूलर चार स्प्रिंगच्या स्क्रूवर बसते, त्यासाठी बोर्डवरचे दोन काळे प्लास्टिकचे कंस आधी काढावे लागतात, अन् ते काढले की बोर्डच्या मागची लोखंडी प्लेट मोकळी होऊन खाली पडते. बोर्ड कॅबिनेटमध्ये कसल्यावर हे केलं तर प्लेट मागं पत्रा अन् बोर्डच्या मधात पडणार अन् सगळं पुन्हा खोलावं लागणार. म्हणून कूलर आधी, कॅबिनेट नंतर. चार स्क्रू कोनाकोनी, थोडे थोडे करून, पलंगाची निवार ताणतो तसं, एकाच बाजूनं आवळायचे नाहीत.

१२ डिसेंबर

आज बोर्ड कॅबिनेटमध्ये बसवला अन् चालू झाला नाही. क्रमानं लिहितो.

पहिले मागची आयओ प्लेट (पोर्टसाठी खाचा असलेला पातळ पत्रा). ही आतून बाहेर दाबून चारही कोपऱ्यांचा कट्ट आवाज येईपर्यंत बसवायची, धार पात्यासारखी, भाच्याचं बोट कापलं, हळद लावली. प्लेटच्या आतल्या बाजूला पत्र्याच्या लहान लहान जिभा असतात, बोर्ड सरकवताना त्यातली एक लॅनच्या (नेटच्या वायरच्या) पोर्टमध्ये घुसली. बोर्ड बसल्यावर मागून टॉर्च मारून पाहिलं म्हणून दिसली, नाहीतर लॅनची वायर कधीच गेली नसती. बोर्ड पुन्हा उचलला, जिभा थोड्या वर वाकवल्या, मग बसवला. बोर्ड तिरपा धरून आधी पोर्टची बाजू प्लेटमध्ये घालायची अन् मग दुसरी बाजू खाली ठेवायची, सरळ वरून ठेवला तर कधीच बसत नाही. त्या जिभा स्प्रिंगसारख्या बोर्डला मागं ढकलतात, म्हणून भोकं दोन-अडीच मिलिमीटरनं चुकल्यासारखी वाटतात. एकानं बोर्ड पोर्टकडे हळूच रेटून धरायचा, दुसऱ्यानं मधला स्क्रू धरवायचा.

सगळे सहाही स्क्रू आधी अर्धेच लावले. मग एकेक आवळला. किती आवळायचा हे शब्दात सांगणं कठीण आहे, पेचकस दोन बोटात धरून फिरवला अन् जिथं थांबला तिथून अगदी थोडा पुढं, बस. मनगटाचा जोर लावायचा नाही. जास्त आवळला तर बोर्ड वाकते, अन् दुसरं म्हणजे पुढं कधी स्क्रू खोलताना खालचा पितळी स्टँडच स्क्रूसोबत फिरून बाहेर येते.

२४ पिनचा प्लग लावताना उजव्या काठाखाली दोन बोटं घालून आधार दिला. न देता दाबला असता तर बोर्ड डोळ्यादेखत खाली लवला असता. प्रोसेसरचा ८ पिनचा प्लग वरच्या कोपऱ्यात, त्याची वायर पत्र्याच्या मागून आधीच काढून ठेवायची, नंतर कूलरच्या बाजूनं हात जात नाही. पुढच्या बटणाच्या बारीक वायरी, पॉवर अन् रिसेटला उलटसुलट चालते, लाइटच्या दोन्हीला प्लस-मायनस पाहूनच लावायचं.

संध्याकाळी सातला बटण दाबलं. पंखा एक झटका मारून थांबला. पुन्हा दाबलं तर काहीच नाही. एसएमपीएसची मागची खटकी बंद करून पाच मिनिटांनी पुन्हा, तेच, एक झटका अन् बंद. दहा-बारा पोरं उभी होती, कोणी काही बोललं नाही. भाचा हळूच म्हणाला, "जळला का मामा?" मी म्हटलं माहीत नाही. रात्री जेवण गेलं नाही.

१३ डिसेंबर

वावरात दुसरा वेचा चालू, दिवसभर तिकडेच. पण डोक्यात तेच. अमरावतीला रिपेअरिंग करणारा एक मित्र आहे, धुऱ्यावर उभं राहून त्याला फोन लावला. त्यानं पूर्ण ऐकून घेतलं अन् एकच सांगितलं, "एक झटका मारून बंद होते म्हणजे एसएमपीएस शॉर्ट पाहून सोताले बंद करून राहिला, हे चांगलं लक्षण हाये. बोर्ड बाहेर काढ, खोक्यावर ठेव, अन् मंग चालू कर. बाहेर चालला तर दोष तुया पत्र्यात हाये."

१५ डिसेंबर, रविवार

सकाळी सगळं खोललं. बोर्ड, प्रोसेसर, कूलर, रॅम तसंच खोक्यावर. दोन्ही पॉवर प्लग लावले, स्क्रीन जोडला, अन् पॉवर बटणाच्या दोन पिना पेचकसाच्या टोकानं एक क्षण जोडल्या. पंखा फिरला अन् फिरतच राहिला. चार-पाच सेकंदांनी स्क्रीनवर अक्षरं आली. मी खाली बसलो. खरंच सांगतो, डोळ्यात पाणी आलं, ते वर्गणीचं ओझं होतं सगळं.

मग कॅबिनेट टॉर्चखाली घेतला अन् पितळी स्टँड मोजले. बोर्डच्या जागेत सात. बोर्डला भोकं सहा.

सातवा खालच्या बाजूला, ग्राफिक्स कार्डच्या लांब स्लॉटखाली येईल असा. आधीच्या बोर्डचा राहिलेला, काळा पडून पत्र्याच्या रंगाचा झाला म्हणून वरून पाहताना दिसलाच नाही. बोर्ड उलटा करून पाहिलं तर त्या ठिकाणी स्लॉटच्या तीन-चार टोकांवर बारीक ओरखडा होता. पितळ तिथं टेकत होतं, म्हणजे स्लॉटच्या पिना सरळ पत्र्याला. त्या स्लॉटमध्ये १२ व्होल्ट असते, ३.३ असते, अन् ते जमिनीला जोडलं गेलं की एसएमपीएस बंद होणार नाही तर काय होईल. नवा एसएमपीएस घेतला होता म्हणून वाचलो, जुन्यात ही सुरक्षा धड चालली असती की नाही देव जाणे.

१० तारखेला मी भोकातून पितळ दिसते का एवढंच पाहिलं होतं. भोक नाही तिथं पितळ आहे का, हे पाहिलंच नव्हतं. दोन्ही पाहावं लागते, अन् दुसरं जास्त महत्त्वाचं आहे, कारण एक स्टँड कमी पडला तर बोर्ड थोडा लवेल, पण एक जास्त झाला तर जळेल.

स्टँड निघता निघेना. शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब टाकून अर्धा तास ठेवला, मग नोज प्लायरनं धरून हळूहळू फिरवला. पितळाचा चुरा पडला, तो चिकटपट्टीनं टिपून घेतला, फुंकून उडवला नाही, कारण उडालेला चुरा कुठं जाऊन बसेल सांगता येत नाही.

यावेळी डोळ्यावर भरवसा ठेवला नाही. जुन्या कॅलेंडरचं जाड पान घेतलं, बोर्डच्या मापाचं कापलं, कागदावर बोर्ड ठेवून (मागची बाजू खाली, कूलर वर) सहाही भोकांतून पेन्सिल फिरवून गोल काढले अन् तेवढेच गोल कात्रीनं काढले. मग तो कागद कॅबिनेटमध्ये पोर्टकडून लावून ठेवला. सहा भोकांतून सहा पितळ वर, अन् बाकी कागद कुठंच उचललेला नाही. एखादा जास्तीचा असता तर कागदाला तंबूसारखं टोक आलं असतं. ही रीत मला कोणी शिकवली नाही पण मी आता प्रत्येकाला सांगीन.

स्क्रू यावेळी मी लावले नाही. अभ्यासिकेतली एक पोरगी, जी सकाळी सगळ्यात आधी येऊन झाडून घेते, तिला दिला पेचकस. "दादा, माह्यानं बिघडलं त मंग?" म्हणे. म्हटलं बिघडत नसते, दोन बोटात धर. तिनं सहाही स्क्रू लावले, माझ्यापेक्षा हलक्या हातानं. बटण दाबलं, पहिल्याच दाबात चालू. पोट्ट्यांनी जे ओरडले ते पारापर्यंत ऐकू गेलं असेल, एक बुढी आजी पाहायला आली की काय झालं.

बायोसमध्ये १६ जीबी रॅम बरोबर, प्रोसेसरचं तापमान चाळिशीच्या आत. या प्रोसेसरची हद्द ९५ डिग्री आहे, पण आता थंडी आहे, खरी परीक्षा मे महिन्यात, बाहेर ४५ असते तेव्हा.

१७ डिसेंबर

एका पोरानं अनवाणी पायानं कॅबिनेटला हात लावला अन् म्हणाला झिणझिण्या येतात. टेस्टर लावला, पत्र्यावर लाइट पेटला.

हे कॉम्प्युटर बिघडल्यानं होत नाही. एसएमपीएसच्या आत फेज अन् न्यूट्रल दोन्हीकडून पत्र्याला लहान कपॅसिटर जोडलेले असतात, विजेतली खरखर गाळायला. अर्थिंग असलं तर त्यातून येणारा बारीक करंट जमिनीत जाते. नसलं तर पत्रा २३० च्या अर्ध्या व्होल्टेजवर तरंगत राहते. अन् वर लिहिलेली साखळी इथं लागू पडते, पत्र्याला बोर्ड सहा पितळांनी जोडलेला आहे, म्हणजे पूर्ण बोर्डच तसा तरंगत राहते, कोणी त्यात पेनड्राइव्ह लावला, मॉनिटर लावला तर झटका तिथून.

वायरमन काकाजींना बोलावलं. त्यांनी शंभर वॅटचा बल्ब होल्डरला वायर लावून फेज अन् अर्थच्या मध्ये जोडला, बल्ब नुसता लालसर झाला, पेटला नाही. "अर्थिंग हाये पण मेलं हाये," म्हणाले. खोलीच्या मागं खड्डा खणून पाहिला तर आमची काळी माती कोरडी होऊन पाइपापासून सुटलेली, बोट जाईल एवढी फट. पावसाळ्यात ही माती फुगून पाइपाला घट्ट धरते, पाणी गेलं की आकसते अन् भेगा पडतात, म्हणजे पावसात चांगलं असलेलं अर्थिंग उन्हाळ्यापर्यंत नावापुरतंच राहते. खड्डा मोठा केला, कोळसा अन् मिठाचे थर टाकले, पट्टीचा गंजलेला नटबोल्ट बदलला, चार बादल्या पाणी. पुन्हा बल्ब लावला तर भक्क पेटला. न्यूट्रल-अर्थ मध्ये मीटरवर दीड व्होल्ट. झिणझिण्या बंद.

दर पंधरा दिवसांनी खड्ड्यात एक बादली पाणी टाकायचं काम वाटून दिलं, फळ्यावर नावं लिहिली.

२२ डिसेंबर, रविवार

लिनक्स टाकलं, मराठी कीबोर्ड चालू. काल संध्याकाळी ओलिताचे पंप सुरू झाले तसं व्होल्टेज पडलं पण यूपीएसनं सांभाळलं.

झाकण उघडून आत पाहिलं. एका आठवड्यात पुढच्या जाळीवर कापसाच्या तंतूची पातळ पांढरी साय आली आहे. कूलरच्या पातळ पट्ट्यांमध्ये हे गेलं तर हवा अडते. पुढून मच्छरदाणीच्या कापडाचा तुकडा चुंबकाच्या पट्टीनं लावला, दर रविवारी काढून झटकायचा. कापूस निघून गेला की एवढं नाही येणार.

सहाही स्क्रू पेचकसानं तपासले, एकही ढिला नाही. झाकणाच्या आतल्या बाजूला कागद चिकटवला: "भोकं ६, पितळी स्टँड ६, स्क्रू मोठ्या आट्याचे. कूलर खोलायचा असेल तर बोर्ड बाहेर काढूनच." अन् कॅलेंडरचं ते भोकं पाडलेलं पान घडी करून मदरबोर्डच्या खोक्यात ठेवलं, काढलेला सातवा स्टँड त्याच्याच सोबत पुडीत. खोकं अभ्यासिकेच्या कपाटात वरच्या कप्प्यात आहे, चावी सकाळी झाडणाऱ्या पोरीकडे.